खाल्ल्या मिठाचा नकाशा

दचकू नका. खालून तिसऱ्या खणात, कापडावर चिकटवलेला जो पिवळट कागद आहे ना, तोच मी बोलतोय. मी नकाशा. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, खोटा नकाशा. सगळा खोटा नाही हो, दोन बोटांपुरता. पण त्या दोन बोटांनी एका घराला जवळजवळ सत्तर वर्षं मान वर करू दिली नाही. ऐकणारं कोणी भेटलंय, तर सांगूनच टाकतो.

माझा जन्म एकोणीसशे अकराचा. मला आखलं नाझिफ एफेंदीने, म्हणजे नाझिफसाहेबाने. फौजेच्या मोजणी खात्यातला लेफ्टनंट, वय सव्वीस, राहणार इस्तंबूल. समुद्राकाठचा माणूस, त्याला पाठवला अनातोलियाच्या डोंगरात. सुरुवातीला घोड्यावरून उतरला की बिचारा पाय फाकवून चालायचा आणि मेंढपाळ तोंड फिरवून हसायचे. पण हात असा की विचारू नका. माझ्यावरचा एकेक मिनार त्याने सुईच्या टोकाने टोचून बसवलाय.

त्याची कामाची रीत सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. तीन पायांच्या फळीवर मला पसरायचं. टेकडीवर उभं राहून पितळी पट्टीवरून नेम धरायचा आणि समोर दिसेल त्या मिनाराकडे, पुलाकडे, पाणचक्कीकडे कडक पेन्सिलीने रेघ ओढायची. मग दुसऱ्या टेकडीवर जाऊन त्याच मिनाराकडे पुन्हा एक रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील, तिथे मिनार. एकट्या रेघेवर विसंबायचं नाही, हा खात्याचा नियम. दुसरा नियम असा की जे स्वतः मोजलं ते अखंड शाईने काढायचं, आणि जे नुसतं ऐकलं ते तुटक रेघेने. म्हणजे पुढे बघणाऱ्याला कळतं, इथे जपून.

एकतीस जागा त्याने अशा बसवल्या. मी तर हवेत होतो. बत्तिसावी जागा होती गेलीनपिनार नावाचा झरा.

त्या मुलखात एक लांबलचक डोंगरकडा आहे. अलीकडे खाली सारीकोझ गाव, पलीकडे वर येल्लीजे गाव. कड्याच्या अलीकडचं ते सारीकोझचं, पलीकडचं ते येल्लीजेचं, हे दोन्ही गावांना पिढ्यान्पिढ्या मान्य. आणि झरा ज्या बाजूला, त्याच बाजूला त्याच्या पाण्यावरचं उन्हाळी कुरण. दोआन नावाच्या टेकडीवरून नाझिफला पलीकडच्या उतारावर पांढरा दगडी हौद चमकताना दिसला.

"ते काय रे?" त्याने बरोबरच्या मेंढपाळाला विचारलं.

"गेलीनपिनार. आमचा येल्लीजेचा झरा. पाणी असं गार, की दात गळून हातात येतील."

नाझिफ हसला. त्याने झऱ्याकडे रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी बारीक अक्षरात 'पिनार' लिहिलं, म्हणजे झरा. दुसरी रेघ समोरच्या टेकडीवरून उद्या ओढायची, असं ठरलं.

पण दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला. हिवताप. त्याला घोड्यावर आडवा बांधून सर्वांत जवळच्या मोठ्या घरी आणलं. ते घर निघालं सारीकोझच्या जमीनदाराचं, दुरसून आगाचं.

अठरा दिवस तो माणूस त्या घरात होता. त्यातले दहा दिवस तर त्याला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. आगाची बायको त्याला आंबवलेल्या दह्यापिठाचं आंबट सार चमच्याचमच्याने भरवायची. त्याचे घामाने भिजलेले कपडे ती धुवायची, बदलायची. पाहुणा हा देवाने पाठवलेला, त्याला काय काम, कुठे निघालास, हेसुद्धा पहिले तीन दिवस विचारायचं नसतं. या लोकांनी अठरा दिवस विचारलं नाही. मी भिंतीला टेकून सगळं बघत होतो. खोटं कशाला बोलू, ती माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नाझिफ गच्चीत उन्हात येऊन बसला. शिखरांवर बर्फ भुरभुरलं होतं. पलटणीचा निरोप आला होता, आठवड्यात परत या. त्याने मला मांडीवर घेतलं आणि शाईची दौत उघडली. आगा शेजारी येऊन टेकला. तेव्हा असेल पस्तिशीचा.

"झरा कुठे दाखवणार, एफेंदी?" त्याने अगदी सहज विचारलं.

"अजून एकदा बघायचाय, आगा. माझी एकच रेघ झालीय."

"त्यासाठी पुन्हा वर चढणार? असल्या अंगाने? बायको मला घरात घ्यायची नाही." आगा हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. "मी सांगतो ना. कडा ओलांडायच्या आधीच आहे तो. अलीकडे. आमच्यात."

नाझिफने माझ्याकडे बघितलं. दोआन टेकडीवरची रेघ माझ्या अंगावर होती, त्याच्या नाकासमोर. तिला काही अलीकडे जायचं नव्हतं.

"दोन वर्षं पाऊस नाही, लेकरा," आगा खाली बघत म्हणाला. "खालची विहीर आटली. मागच्या हिवाळ्यात साठ मेंढ्या गेल्या. तू पाहुणा आहेस, मी काही मागत नाही. पण तुझी एक रेघ इकडची तिकडे झाली, तर इस्तंबूलला काय कळणार आहे?"

तेवढ्यात आगाची बायको साराची वाटी आणि गरम पाव घेऊन आली. "गप्पा नंतर," ती म्हणाली, "आधी पोटात जाऊ दे." नाझिफने सार प्यायलं. मग त्या पावाचा मऊ गर काढला, दोन बोटांत मळून त्याची गोळी केली. नकाशे आखणारे तेव्हा पेन्सिल पुसायला पावाचा गर वापरत. त्याने त्या गोळीने माझ्यावरची रेघ पुसली. 'पिनार' शब्दही पुसला. आणि कड्याच्या अलीकडे, दोन बोटं खाली, झऱ्याची खूण केली.

निदान तुटक रेघेने काढ रे बाबा, असं मी मनात म्हणत होतो. ऐकीव आहे, एवढं तरी सांग. पण आगा खांद्यावरून बघत होता, आणि यजमानाचा शब्द ऐकीव ठरवायचा म्हणजे त्याच्या दारात बसून त्याला खोटं पाडायचं. अठरा दिवस ज्याचं मीठ खाल्लं त्याला असं तोंडावर कसं सांगणार? नाझिफने अखंड शाई फिरवली.

घोड्यावर बसल्यावर तो पुटपुटला, "पुढच्या उन्हाळ्यात येतो आणि नीट करतो." पुढच्या वर्षी लढाई पेटली. एक संपली तर दुसरी. नाझिफ एफेंदी परत आला नाही, कुठल्या खंदकात राहिला तेही मला कोणी सांगितलं नाही. मला पत्र्याच्या नळीत गुंडाळून कुठल्याशा फडताळात टाकलं होतं. बाहेर राज्य बदललं, लिपीही बदलली. माझ्यावरची अक्षरं वाचणारी माणसं एकेक करून म्हातारी झाली. मध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा फडताळ माझ्यासकट आडवं पडलं. मला वाटायचं, बरं झालं, विसरले मला. दोन बोटांची ती चूक माझ्याबरोबर मरून जाईल.

एकोणीसशे सत्तावन्नच्या शरद ऋतूत नळीचं झाकण उघडलं. बघतो तो काय, मी कोर्टाच्या टेबलावर!

तोवर झरा आणि कुरण येल्लीजेच्याच वहिवाटीत होतं, कारण झरा होताच तिकडे. पण सारीकोझने दावा लावला होता. त्यांचं म्हणणं, झरा पूर्वी आमच्या बाजूला होता, भूकंपात जमीन हलली आणि तो पलीकडे सरकला. झरा सरकला म्हणून हक्क सरकत नाही. आता भूकंपात झरे सरकतात, हे कोणीही कबूल करील. तेव्हा वर चढून झरा आज कुठे आहे ते बघण्यात काही हशील नव्हतं. पूर्वी कुठे होता, एवढाच प्रश्न. आणि पूर्वीचा साक्षीदार म्हणून आणलं मला.

येल्लीजेच्या बाजूने उभा राहिला मेवलूत. चाळिशीचा सडसडीत माणूस, गावाने एकमुखाने पुढे केलेला, कारण हा गडी कधी खोटं बोलत नाही असं सगळे म्हणायचे. त्याने अल्लाला आणि स्वतःच्या अब्रूला स्मरून शपथ घेतली.

"पांढऱ्या खडकापासून उगवतीकडे चारशे पावलं," तो म्हणाला. "आजोबाने मोजली, बापाने मोजली, मी मोजली. भूकंपाआधी चारशे, भूकंपानंतर चारशे."

मग एका निवृत्त कारकुनाला उभं केलं. जुनी अक्षरं वाचता येणारा तोच एक उरला होता. त्याने चष्मा सावरून माझ्यावर बोट ठेवलं. "गेलीनपिनार. कड्याच्या अलीकडे, सारीकोझच्या बाजूला. अखंड रेघ आहे साहेब. म्हणजे स्वतः मोजलेलं."

"मग सरकारी नकाशा खोटं बोलतो का?" तरुण न्यायाधीशाने मेवलूतला विचारलं.

"नकाशाचं मला माहीत नाही, साहेब. मला झरा माहीत आहे."

कोर्टात हशा पिकला. पहिल्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा बसला होता. एक्याऐंशीचा झाला होता, तरी मी ओळखलं. दुरसून आगा. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल, आता तरी म्हणेल. त्याने रुमाल काढून नाक पुसलं आणि जमिनीकडे बघत राहिला. झरा आणि कुरण सारीकोझला गेलं. निकालात एक वाक्य होतं, साक्षीदार मेवलूत याची शपथ खोटी आहे. ते वाक्य माझ्यामुळे लिहिलं गेलं.

त्यानंतर पुन्हा नळी. कितीतरी वर्षांनी मला इस्तंबूलमधल्या एका विद्यापीठाच्या नकाशाघरात आणलं, सपाट केलं आणि या खणात ठेवलं. मला वाटलं, पेन्शन मिळाली.

गेल्या हिवाळ्यात नेवरा आली. संशोधन करणारी मुलगी, डोळ्यांवर जाड चष्मा, केसांत नेहमी एक पेन्सिल खोचलेली. माझ्यासारखे चाळीस जुने नकाशे घेऊन ते किती अचूक आहेत हे आजच्या यंत्रांनी तपासायचं, हे तिचं काम. मला मोठ्या स्कॅनरखाली घातलं. मग पडद्यावर माझ्याखाली उपग्रहाने काढलेला तोच मुलूख पसरला आणि ती एकेक जागा जुळवत बसली. माझा मिनार तिच्या मिनारावर, माझा पूल तिच्या पुलावर. कॉम्प्युटर प्रत्येक ठिकाणी किती मीटर चुकलं ते सांगायचा.

"वा रे पठ्ठ्या!" ती मोठ्याने म्हणायची. "डोंगर तुडवून, नुसत्या पितळी पट्टीवर, वीस मीटर? कमाल आहे!" ऊर भरून यायचा माझा. पण बत्तिसावी जागा जवळ येत होती.

ती आली. पडद्यावर लांबलचक लाल बाण उमटला. सातशे चाळीस मीटर.

"हा कुठे भरकटला?" नेवराने भुवया उंचावल्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान न वळवता म्हणाला, "टाक काढून. एखादा असतोच तसला, सगळी सरासरी नासवतो." तिने बटण दाबलं. झरा गेला. एकोणपन्नास मीटरची सरासरी चूक झटक्यात सत्तावीसवर आली आणि तिने माझ्या नावापुढे लिहिलं, 'अत्यंत विश्वसनीय'.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्याच एका जागेसाठी एक माणूस मातीत मिळाला आणि ती जागाच तुम्ही पुसून टाकताय? पण आम्ही कागद. लोक आमच्याकडून ऐकतात, आमचं ऐकत नाहीत.

एप्रिलमध्ये एक म्हातारा दारात उभा राहिला. सत्त्याहत्तरीचा, डोक्यावर चपटी टोपी, एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी, कानाला ऐकायचं यंत्र.

"पोरी, आमचा नकाशा तुझ्याकडे आहे म्हणे. नातवाने तुझी यादी कॉम्प्युटरवर बघितली."

"कुठल्या गावचे, काका?"

"येल्लीजे. नाव सातिल्मिश. पण तिकडे नुसतं सातिल्मिश विचारलंस तर कोणी सांगायचं नाही. खोटारड्यांचा सातिल्मिश म्हण, लगेच घर दाखवतील." तो हसला. नेवराला हसावं की नाही ते कळेना. त्याने पिशवी पुढे केली. "आमच्या झाडाचे अक्रोड. घे, आधी खा, मग बोलू."

"काका, रागावू नका," नेवरा म्हणाली. "तुम्ही काहीतरी मोजून घ्यायला आलायत. ते होईपर्यंत मी तुमचं काही खाणार नाही. उद्या कोणी म्हणेल, अक्रोड खाल्ले आणि आकडे फिरवले."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. घरचं पुढे करावं आणि समोरच्याने हात मागे घ्यावा, हा तिकडे मोठा अपमान. पण क्षणभराने तो मान हलवून म्हणाला, "शहाणी आहेस." मी मात्र सुन्न झालो. एकशे चौदा वर्षांपूर्वी त्या गच्चीत कोणी एवढं म्हणालं असतं तर!

मग त्याने सगळं सांगितलं. मेवलूत त्याचा बाप. कोर्टातून परत आला तो पुन्हा कधी गावच्या बैठकीत बसला नाही. कुरण गेल्याचं दुःख गावाला होतंच, पण सारीकोझवाल्यांनी 'खोटारडे' हे नाव चिकटवलं आणि हळूहळू स्वतःचं गावही तेच म्हणू लागलं. कोण जाणे, नकाशा कशाला खोटं बोलेल, असं म्हणायचे. सातिल्मिशच्या मोठ्या बहिणीचा, हाजेरचा साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी अंगठी परत पाठवली. खोटी शपथ घेणाऱ्याची मुलगी नको म्हणाले. पुन्हा कोणी विचारायला आलं नाही.

"बापाला जाऊन पन्नास वर्षं झाली," सातिल्मिश म्हणाला. "कुरण नको मला. तिथे आता चरायला आहे कोण, निम्मं गाव इस्तंबूलला, निम्मं जर्मनीत. माझ्या बापाने खोटी शपथ घेतली नव्हती, एवढं मला कागदावर पाहिजे. हाजेरला मी शब्द दिला होता. ती या जानेवारीत गेली."

नेवराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ती जागा मी काढून टाकली होती," ती हळूच म्हणाली. "सरासरी बिघडत होती म्हणून." तिने झरा परत पडद्यावर आणला. लाल बाण पुन्हा उमटला. "बघा, सातशे चाळीस मीटर चूक आहे."

"ते मला ठाऊक आहे गं. फोनवरसुद्धा दिसतं ते. पण सारीकोझवाले म्हणतात, आता तिकडे असेल, भूकंपाआधी इकडे होता. याने काढला तेव्हा कुठे होता, ते सांग."

नेवरा बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने खिडकीचे पडदे ओढले, मला टेबलावर सपाट ठेवलं आणि एक दिवा अगदी खाली, माझ्या कडेशी आडवा धरला. तिरप्या उजेडात माझ्या अंगावरची प्रत्येक खाच उठून दिसते. कडक पेन्सिल होती ती. पावाने शिसं जातं, कागदावरची खाच जात नाही.

तिने वरून कॅमेऱ्याने फोटो घेतले आणि पडद्यावर मोठे केले. "हा मिनार. दोन रेघा येतात. पूल, दोन रेघा. पाणचक्की, दोन." ती झऱ्याजवळ आली आणि थांबली. "इथे एकही येत नाही. काका, हा त्याने मोजलेलाच नाही! शाई अखंड आहे, पण खाली रेघ नाही."

"मग?"

"थांबा." दोआन टेकडीवरून एक एकटी खाच निघाली होती. कड्याच्या पलीकडे जाऊन ती रिकाम्या जागी संपत होती. टोकाशी पुसलेली अक्षरं. नेवरा जुनी लिपी शिकलेली. ती एकेक अक्षर लावत गेली आणि मग तिने शब्द वाचला. "पिनार."

तिने ती खाच उपग्रहाच्या चित्रावर ठेवली. आजच्या दगडी हौदापासून अकरा मीटरवरून रेघ जात होती.

"भूकंपाच्या कितीतरी आधी," ती म्हणाली, "त्याने झरा तुमच्या बाजूला पाहिला होता. पाहिला, लिहिला आणि पुसला."

मला वाटलं म्हातारा रडेल, नाहीतर मला फाडून टाकेल. त्याने यातलं काहीच केलं नाही. तो खुर्चीत बसला, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केलेला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. पलीकडे होता सारीकोझचा क्याझिम, दुरसून आगाचा नातू.

"काय रे खोटारड्या, अजून आहेस का?" क्याझिम खेकसला. "मला वाटलं, गेलास."

"तुला पोहोचवल्याशिवाय जातोय कुठे! ऐक. नकाशा सापडलाय. पुसलेली रेघ सापडलीय. झरा आमच्याकडे होता, क्याझिम. तेव्हाही."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"माहीत आहे," क्याझिम हळूच म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आजोबाने सांगितलं होतं. खटल्यानंतर दोन वर्षांनी, मरताना. मी बारा वर्षांचा होतो, उशाशी होतो. म्हणाला, नकाशेवाला आपल्याकडे पाहुणा होता, झरा मीच त्याला इकडे काढायला लावला. मेवलूतला बोलवा, त्याचं माझ्याकडे राहिलंय, ते त्याच्याकडून सोडवून घेतल्याशिवाय मी कसा जाऊ? बापाने आणि काकांनी बोलावलं नाही. बोलावलं तर कुरण परत द्यावं लागेल म्हणाले. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, सातिल्मिश."

"साठपासष्ट वर्षं?"

"हो."

"हाजेरची अंगठी परत आली तेव्हाही?"

क्याझिम रडत होता. तिकडे माणूस जाताना सगळ्यांकडून कमीजास्त माफ करून घेतो, त्याशिवाय मातीसुद्धा हलकी पडत नाही म्हणतात. "आजोबाचं राहू दे," तो म्हणाला, "माझं तरी सोड. मीही गप्प बसलो. म्हातारा झालोय रे. तुझा आमच्यावरचा हक्क माफ कर."

सातिल्मिशने डोळे मिटले. "माझ्या वाटचं सोडलं, जा. पण बाबाचं आणि हाजेरचं मी कसं सोडू? ते माझं नाही. ते त्यांना विचारायला हवं होतं, ती दोघं जिवंत होती तेव्हा."

त्याने फोन बंद केला. मग नेवराने विचारलं, "काका, तुमच्या वडलांनी कोर्टात नेमकं काय सांगितलं होतं?"

"पांढऱ्या खडकापासून उगवतीकडे चारशे पावलं." त्याला पाठ होतं.

"पाऊल केवढं त्यांचं?"

"माझ्याएवढं. पाय त्याचेच घेतलेत मी."

नेवरा मोजपट्टी घेऊन बाहेरच्या लांब व्हरांड्यात गेली. "चाला बरं दहा पावलं." दार उघडं होतं, मला दिसत होतं. सातिल्मिश निघाला, चौथ्या पावलाला अडखळला. "नाही, नाही. असं नाही. बाबा असा फरपटत नव्हता चालत." त्याने काठी भिंतीला लावली, पाठ सरळ केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दहा पावलं. त्या दहा पावलांत तो सत्त्याहत्तर वर्षांचा नव्हता, आणि मला तर कोर्टातला मेवलूतच चालत येताना दिसला.

सात मीटर वीस. म्हणजे चारशे पावलांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. नेवराने पडद्यावर पांढऱ्या खडकापासून उगवतीकडे तेवढी रेघ ओढली आणि तिचं टोक हौदापासून किती दूर पडतं ते मोजलं. मग तिने माझ्या तक्त्यात दोन ओळी नव्याने घातल्या. 'विश्वसनीय' शब्दापुढे 'झरा वगळता, यजमानाच्या सांगण्यावरून काढलेला असावा' असं लिहिलं. आणि कागद छापून म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्याने चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं.

"गेलीनपिनार. सरकारी नकाशा, एकोणीसशे अकरा. चूक, सातशे चाळीस मीटर." त्याने बोट खालच्या ओळीवर नेलं. "येल्लीजेचा मेवलूत, शपथेवर साक्ष, एकोणीसशे सत्तावन्न. चूक, नऊ मीटर."

"तुमचे वडील या नकाशापेक्षा अचूक होते, काका," नेवरा म्हणाली. "याच्या सगळ्या जागांच्या सरासरीपेक्षाही."

"अजून एक प्रत दे," तो म्हणाला. "हाजेरसाठी. तिच्या उशाशी दगडाखाली ठेवीन. वारा फार आहे आमच्याकडे."

नेवराने दुसरी प्रत काढली. मग स्वतःच पिशवीत हात घालून एक अक्रोड घेतला, बाहेर जाऊन दाराच्या फटीत फोडला आणि खाल्ला. सातिल्मिश बघत उभा होता. "गोड आहे ना?" एवढंच त्याने विचारलं.

जाताना तो माझ्यापाशी आला. हात लावायची बंदी आहे, म्हणून बोट वरच्या वर धरून त्याने त्या पुसलेल्या खाचेवरून फिरवलं. "तुझा काय दोष," तो म्हणाला. "तू कागद."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोष नाही कसा? खरी रेघ माझ्याच अंगावर होती. कोर्टात मला उजेडात असं सरळ पसरलं होतं, आणि मी वरची शाई तेवढी दाखवली.

आता मी परत खणात आहे. पाकिटावर नेवराची चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'तिरप्या उजेडात बघणे'. तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कोणी जुना, रुबाबदार, अखंड शाईचा लागला, तर तुम्हीही तेवढं करा. आणि आखणारा कोणाच्या घरी जेवला होता, तेही विचारा.

मीही आता थकलोय, कडा कुरतडल्या गेल्यात, घड्यांवर तुकडे पडायला लागलेत. जाण्याआधी सगळ्यांकडून माफ करून घ्यावं म्हणतात. सातिल्मिशने सोडलं. पण मेवलूतचं आणि हाजेरचं माझ्याकडे राहिलंय. ते मागायला मी कोणाकडे जाऊ?